रोजच्याच ट्रकने ट्रेलर ओढायचाय, 1,500 डॉलरात ताकद कशी वाढवू?

अरोरा_सांगलीकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितोय.

मी डेन्व्हरजवळ अरोराला असतो. गाडी 2015 ची शेव्ही सिल्व्हराडो 1500, 5.3 लिटर व्ही-8, सहा गिअरची ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, ॲक्सल 3.42 चा (म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट 3.42 वेळा फिरतो). तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने पुढून लेव्हलिंग किट टाकून (पुढची बाजू उचलून) 285/70 आर17 चे जाडजूड ऑल-टेरेन टायर बसवलेले होते, दिसायला भारी दिसते म्हणून मी पण तसंच ठेवलं. रोज ऑफिसला जाऊन-येऊन 40 मैल, मुलीला शाळेत सोडणं, किराणा, सगळं हिच्यावरच. बायकोकडे वेगळी छोटी गाडी आहे.

आता आई-बाबा दर उन्हाळ्यात चार-पाच महिने येतात. दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे गेलेत, बाहेरचं खाणं तिला सोसत नाही आणि दर दोन तासांनी बाथरूम लागतं. मागे यलोस्टोनला हॉटेलं बुक करून नेलं तर तिचे फार हाल झाले, तिसऱ्या दिवशी म्हणाली मला घरीच ठेवत जा. ते फार लागलं मनाला. म्हणून यंदा एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, 24 फुटी, आत शेगडी, फ्रिज, पलंग, संडास-बाथरूम सगळं आहे. रिकामा 5,000 पौंड, सामान भरून 6,300 च्या आसपास जाईल. आईने त्यात पहिल्यांदा कुकर लावला आणि वरणभात केला ना, तेव्हाच पैसे वसूल झाले.

पण पहिल्याच ट्रिपला आय-70 वर, जॉर्जटाउन सोडल्यावर आयझेनहॉवर टनेलपर्यंत जो घाट लागतो तिथे गाडीने जीव टाकला. ॲक्सिलरेटर पार तळाला आणि स्पीड 35 मैल, गिअर सारखा वर-खाली, गिअरबॉक्सचं टेम्परेचर 230 फॅरेनहाइटला गेलं तेव्हा घाबरून बाजूला घेतली आणि अर्धा तास थांबलो. आई-बाबा गाडीत बसलेले, बाजूने मोठमोठे ट्रक जातायत, ते काही बोलले नाहीत पण मला कसंतरीच झालं.

एका दुकानात दाखवली तर त्यांनी कोल्ड एअर इनटेक (गार हवा आत घेणारी नळी), एक्झॉस्ट, थ्रॉटल बॉडी स्पेसर (हवेच्या वाटेत बसवायची जाड चकती) आणि ट्युनर (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारं यंत्र) असं सगळं मिळून 2,400 सांगितले. माझ्याकडे 1,500 आहेत, त्याच्या वर एक पैसा नाही. यातलं काय करू? का गिअरच बदलून 4.10 करून घेऊ? गाडी रोज वापरायची आहे हे लक्षात घ्या, एव्हरेजची पण वाट लागायला नको.

घाटवाट_कोलोरॅडो:

दुकानातली ती यादी फाडून टाका. स्पेसरने काहीही होत नाही, अक्षरशः काहीही नाही. इनटेक आणि एक्झॉस्टने आवाज वाढेल, 6,300 पौंडांना आवाजाने फरक पडत नाही.

आधी दुखणं काय आहे ते समजून घ्या. तुमचं इंजिन टर्बोवालं नाही, ते स्वतःच्या दमावर हवा ओढतं. उंची वाढली की हवा विरळ होते, आणि ढोबळ हिशोब असा की दर हजार फुटाला 3 टक्के ताकद जाते. तुमच्या 5.3 ला कंपनीने 355 हॉर्सपावर सांगितलीय ती समुद्रसपाटीची. डेन्व्हरला 5,280 फुटांवर त्यातली 15 टक्क्यांहून जास्त गेलेली असते, आणि टनेलचं तोंड 11,000 फुटांच्या वर आहे, तिथे एक तृतीयांश गेली, म्हणजे राहिली साधारण 240. तुमची गाडी बिघडलेली नाहीये, तिला श्वास मिळत नाहीये.

अजून एक गोष्ट बरेच जण बघत नाहीत. कंपन्या जे टो रेटिंग (गाडी किती वजन ओढेल तो आकडा) देतात ते एसएई या इंजिनिअर संघटनेच्या जे2807 नावाच्या स्टँडर्डप्रमाणे काढतात. त्यातली चढाची टेस्ट ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर बेतलेली आहे, 11.4 मैलांचा चढ, एसी फुल्ल, आणि स्पीड 40 च्या खाली जायला नको. पण तो घाट संपतो साडेतीन हजार फुटांच्या आसपास. आपला जॉर्जटाउनचा घाट सुरूच होतो साडेआठ हजारांवर. तेव्हा कागदावरचा आकडा इथे तसाच्या तसा चालत नाही.

आता फुकटात किंवा स्वस्तात काय होईल ते सांगतो.

टायर. 285/70 आर17 म्हणजे 32.7 इंच, तुमच्या गाडीचा मूळ 265/70 आर17 म्हणजे 31.6 इंच. मोठं चाक म्हणजे गिअर आपोआप लांब होतो, तुमचा 3.42 चा ॲक्सल सध्या 3.30 सारखा वागतोय. शिवाय प्रत्येक चाक जड, ते फिरवायलाही ताकद जाते आणि थांबवायलाही. मूळ मापाचे एलटी (म्हणजे लाइट ट्रकचे, जड कामाचे) टायर टाका, लोड रेंज ई (वजन पेलायची श्रेणी). जुने टायर लोक हातोहात घेतात इथे.

पेट्रोल. कोलोरॅडोत रेग्युलर म्हणून 85 ऑक्टेन विकतात, पंपावर नीट बघा. तुमच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी 87 लिहिलंय. रिकामी चालवताना कळत नाही, पण ओझं घेऊन घाट चढताना इंजिन नॉक व्हायला (पेट्रोल स्वतःहून पेटून खडखडायला) लागलं की कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि उरलीसुरली ताकद पण जाते. ट्रेलर लावला की 87 च्या खाली भरूच नका, मी तर 91 भरतो.

आणि टो/हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना गिअर बदलायची पद्धत बदलणारं बटण, चालू होता का? गिअर सारखा वर-खाली होत होता म्हणताय म्हणून विचारतोय.

अरोरा_सांगलीकर:

नव्हता चालू. खरं सांगायचं तर ते बटण दांड्याच्या टोकाला आहे हे मला आत्ता तुमचं वाचून मॅन्युअल उघडल्यावर कळलं. आणि पेट्रोल 85 च भरत होतो, सगळ्यात डावीकडचं बटण, स्वस्त तेच घ्यायचं ही सवय. दोन्ही गोष्टी माझ्याच चुका आहेत, नोंद घेतली.

टर्बोवाला_नाशिककर:

माझं मत वेगळं आहे. मी पण आधी टर्बो नसलेल्या व्ही-8 वर दोन वर्षं काढली आणि नंतर 2013 ची एफ-150, 3.5 इकोबूस्ट घेतली, 365 हॉर्सपावर आणि 420 टॉर्क, तो पण 2,500 आरपीएमला. टर्बो विरळ हवा दाबून भरतो त्यामुळे टनेलपर्यंत जवळपास सपाटीसारखी ओढते. तुम्ही 1,500 डॉलर या गाडीत घालण्यापेक्षा ही विका, त्यात ते 1,500 टाका आणि टर्बोवाली बघा. डोंगरात राहायचं आणि ट्रेलर ओढायचा तर हाच खरा मार्ग, बाकी सगळी मलमपट्टी.

ग्रीलीचा_मिस्त्री:

मी ग्रीलीला गाड्यांचंच काम करतो, बारा वर्षं झाली. टर्बोवाल्या भावांचं म्हणणं चूक नाही, पण दहा वर्षं जुनी, लाखभर मैल पळालेली टर्बो गाडी घ्यायची म्हणजे टर्बो, टायमिंग चेन सगळं तपासून घ्यावं लागतं, आणि घेताना टॅक्स-रजिस्ट्रेशन वेगळं. 1,500 त्यातच संपतात. सांगलीकर दादांची गाडी ठणठणीत असेल तर वर्षातून चार-पाच ट्रिपांसाठी ती विकायची गरज नाही.

गिअरबद्दल. 3.42 वरून 4.10 केलं तर चाकाला 20 टक्के जास्त टॉर्क मिळतो, हे खरं. पण फोर बाय फोर आहे म्हणजे पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शियल उघडायचे, नाहीतर फोर-व्हील टाकली की गाडी स्वतःशीच भांडेल. पार्ट आणि मजुरी धरून 2,000 च्या खाली कोणी चांगला माणूस करून देणार नाही. आणि मुख्य मुद्दा असा की गिअर बदलल्याने हॉर्सपावर वाढत नाही. घाटात तुमची अडचण हॉर्सपावरची आहे. जे काम 4.10 ने होणार तेच काम गिअरबॉक्स एक गिअर खाली टाकून करतो. फरक कुठे जाणवेल तर सिग्नलवरून उचल घेताना आणि सपाट हायवेवर वरच्या गिअरला टिकताना. त्याच्या बदल्यात रोजच्या 40 मैलांत एव्हरेज जाणार.

घाटवाट_कोलोरॅडो:

मिस्त्री, मग टायरचंही तेच झालं की, तो पण गिअरचाच खेळ. माझंच म्हणणं तुम्ही खोडलंत.

ग्रीलीचा_मिस्त्री:

अर्धं खोडलं, हो. घाटातला टॉप स्पीड टायरने फारसा वाढणार नाही. पण टायर तरी बदलाच असं म्हणतो कारण वजन कमी होतं, ब्रेक सुधारतो, आणि एलटी टायरची भिंत कडक असल्यामुळे मागून ट्रेलरने ढकललं तर गाडी डुलत नाही. शिवाय त्याचा बराचसा खर्च जुने टायर विकून निघतो. ॲक्सलचा निघत नाही.

आता ज्याने मला काळजी वाटली ते, गिअरबॉक्सचं 230. हे गिअरबॉक्स रोजच्याला 190 ते 210 ला चालतात, 220 पर्यंत मी हरकत घेत नाही, 230 ला ऑइल लवकर जळतं आणि तसं वारंवार झालं तर क्लच जातात. टो/हॉल बंद असल्यामुळे गिअरबॉक्स सारखा गिअर शोधत होता, दर वेळी वर-खाली होताना टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचं) लॉक सुटतं आणि तिथेच सगळी उष्णता तयार होते. म्हणून घाटात पायाने भांडू नका, दांडा एम (मॅन्युअल) वर घ्या आणि दुसरा गिअर स्वतः धरून ठेवा. तुमच्या गाडीला मूळ टायरवर दुसऱ्या गिअरमध्ये 45 ला 4,000 आरपीएम येतात. आवाज होईल, होऊ द्या, हे इंजिन 4,000 ला तासभर आरामात चालतं, त्याची ताकदच वर आहे. आपल्या लोकांना जास्त आरपीएम म्हणजे इंजिन फुटेल असं वाटतं आणि ते वरच्या गिअरमध्ये रखडवत नेतात, खरं नुकसान त्यात आहे.

ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या, डेक्सरॉन-6 च टाका. पुढे जाळीत एक जादा कुलर बसवा, मध्यम मापाचा 100 च्या आत मिळतो. आणि ट्युनर नको. 87 वर कमाई नगण्य आणि गरमीला रान मोकळं.

आता सांगा, ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) कुठला आहे? ट्रेलर ओढण्यापेक्षा थांबवणं महत्त्वाचं. इथे 3,000 पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्यानेच लागतात, आणि कंट्रोलर नसेल तर ते ब्रेक नुसते शोभेचे.

अरोरा_सांगलीकर:

कंट्रोलर आहे, जुना, आधीच्या मालकाचा. ब्रेक दाबला की ट्रेलर एकदम झटका देतो, कधी हळू दाबला तरी तेवढाच. दारातल्या स्टिकरवर पेलोड (गाडीवर लादता येणारं एकूण वजन) 1,690 पौंड लिहिलंय. मला वाटायचं की गाडी 9,000 ओढते म्हणजे 6,300 चा ट्रेलर आणि पाच माणसं निवांत बसतील.

वऱ्हाडी_मुलगी:

दादा इथेच थांबा, हा 1,690 चा आकडा तुमच्यासाठी त्या 9,000 पेक्षा मोठा आहे. मी मागची चार वर्षं स्वतः ट्रेलर ओढते, नवरा शेजारी बसून नकाशा बघतो, आणि आमचं सगळं गणित पेलोडवरच अडलं होतं.

ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग हिचवर (गाडी-ट्रेलरच्या जोडावर) येतो, तो गाडीच्या पाठीवरचं ओझं म्हणून धरायचा. 6,300 चे 13 टक्के धरले तर 820. पाच माणसं, तुम्ही दोघं, मुलगी, आई-बाबा, अंदाजे 720. हिचचं लोखंड 90. झाले 1,630. उरले 60 पौंड! त्यात कुलर, जनरेटर, आईंचं व्हीलचेअर किंवा खुर्ची, पीठ-तांदळाचे डबे काय ठेवणार? तुम्ही पहिल्या ट्रिपला नक्कीच वर गेला होता.

आम्ही काय केलं ते सांगते. पाण्याची टाकी रिकामी नेतो, एक गॅलन म्हणजे 8.3 पौंड, 40 गॅलन भरले की 330 पौंड उगाच डोंगरावर चढवायचे, कॅम्पग्राउंडला नळ असतोच. थोडंसं बाथरूमपुरतं ठेवायचं. जड सामान ट्रकच्या मागच्या हौद्यात ठेवत नाही, ट्रेलरमध्ये ठेवतो, चाकांच्या बरोबर वर. पार मागे टाकलं तर हिचवरचं वजन कमी होतं आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, तसलं कधी करू नका, आमच्या पुढे एकाचा ट्रेलर असाच आडवा झालेला बघितलाय, गाडीतली माणसं वाचली पण ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. आणि तुमच्याकडे दुसरी गाडी आहे ना, मग वहिनी आणि मुलगी त्यात येऊ द्या. तिथे पोचल्यावर फिरायला पण तीच कामाला येते, ट्रेलर काढून ट्रकने पार्किंग शोधत बसावं लागत नाही.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच आहे का? नसेल तर आधी तो घ्या, स्वे कंट्रोलवाला (ट्रेलरचं डुलणं आवरणारा). मागचं ओझं तो थोडं पुढच्या चाकांवर ढकलतो, स्टिअरिंग हलकं पडत नाही. वापरलेला 250-300 ला मिळतो. त्याने पेलोड वाढत नाही बरं का, एअर बॅगनेही वाढत नाही, त्या फक्त गाडी सरळ उभी करतात. दारावरचा आकडा तोच राहतो.

आणि ट्रक स्टॉपला कॅट स्केल (ट्रकचा वजनकाटा) असतो तिथे सगळं भरून, सगळ्यांना बसवून वजन करा. पंधरा-वीस डॉलरचं काम आहे. अंदाजावर आई-बाबांना घेऊन घाटात जाऊ नका.

ग्रीलीचा_मिस्त्री:

ताई लाखमोलाचं बोलल्या. आणि तो झटका देणारा कंट्रोलर टाइम-बेस्ड आहे, त्याला तुम्ही किती जोरात दाबताय ते कळतच नाही. प्रपोर्शनल, म्हणजे जितका दाबाल तितकाच ब्रेक लावणारा घ्या, 150 च्या आसपास.

ट्रकवाल्याचा_पोरगा:

चढाबद्दल सगळे बोलले, मी उतारावर बोलतो. माझे वडील तीस वर्षं दहा टायरी ट्रकवर होते, पुणे-बेळगाव लाईन, खंबाटकी घाट त्यांना तोंडपाठ. त्यांनी मला एकच शिकवलं, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. टनेल ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे जो उतार आहे तो 7 टक्क्यांचा आहे आणि जवळजवळ नऊ मैल संपत नाही. तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर अर्ध्या वाटेत वास यायला लागतो आणि नंतर पेडल तळाला जातं. वरूनच दुसऱ्या गिअरमध्ये घ्या, 45 च्या वर गेली की एकदा दमदार ब्रेक मारून 38 ला आणा आणि पाय काढा, परत वाढू द्या, परत मारा. सारखा घासत ठेवायचा नाही. रनअवे (ब्रेक गेलेल्या) ट्रकचे रॅम्प तिथे उगाच बांधलेले नाहीत. निघायच्या आधी पुढचे पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, ऑइलमध्ये पाणी धरलं असेल तर गरम झाल्यावर ते उकळतं.

आणि हळू चढण्याची लाज वाटून घेऊ नका. उजवी लेन, 45. मागच्याला घाई असेल तर तो जाईल.

अरोरा_सांगलीकर:

मंडळी, सहा आठवड्यांनी येतोय, आकडे घेऊन.

265/70 आर17 चे एलटी टायर 780, जुने 350 ला गेले. गिअरबॉक्स ऑइल-फिल्टर 260. कुलर 90, तो मी आणि एका मित्राने मिळून शनिवारी बसवला. प्रपोर्शनल कंट्रोलर 160. वापरलेला वेट डिस्ट्रिब्युशन हिच 250, त्याचे बार ताणून बसवायला दोन तास गेले पण फरक पहिल्याच मैलाला कळला. पुढचे पॅड आणि ब्रेक ऑइल 180. एकूण 1,370. इंजिनला हातसुद्धा लावला नाही.

कॅट स्केलवर सगळं मिळून 12,380. ट्रेलर सोडून नुसती गाडी, मी आणि आई-बाबा बसलेले, 6,120. म्हणजे ट्रेलर 6,260, अंदाज बरोबर निघाला. बायको आणि मुलगी मागून छोट्या गाडीत.

मागच्या शुक्रवारी ग्लेनवुड स्प्रिंग्जला गेलो. जॉर्जटाउनलाच दांडा एम वर घेऊन दुसरा गिअर धरला, टाकीत 91. सुरुवातीला आवाजाने बाबा दचकले, मी त्यांना सांगितलं की असंच चालायचंय. 46-47 ला पूर्ण घाट चढली, एकदाही गिअर हलला नाही, टेम्परेचर 211 च्या वर गेलं नाही. उताराला तर ट्रकवाल्या दादांच्या वडिलांचं वाक्य मनात म्हणत होतो, सिल्व्हरथॉर्नपर्यंत मोजून नऊ वेळा ब्रेक मारला. खाली उतरून पार्किंगला थांबलो, आईने ट्रेलरमध्ये आल्याचा चहा केला आणि बाबा पहिल्यांदा म्हणाले की आता पुढच्या वर्षी यलोस्टोन परत बघू. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

रोजच्या वापरात एव्हरेज पण मैल-दीड मैलाने वाढलं, ते बहुतेक टायरमुळेच.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. ट्रेलरच्या टायरची नक्षी चांगली दिसते, तडे नाहीत, पण बाजूला शेवटचे चार आकडे 2417 आहेत. चालतील का अजून एक सीझन?

वऱ्हाडी_मुलगी:

2417 म्हणजे 2017 चा चोविसावा आठवडा. नाही चालणार, दादा. ट्रेलरचे टायर उभ्या उभ्याच आतून मरतात, वरून काही कळत नाही. तुमचे 130 उरलेत त्यात अजून थोडे घाला, पुढच्या ट्रिपच्या आधी चारही बदला, आणि चाकं काढलीच आहेत तर बेअरिंगला ग्रीस पण भरून घ्या.

ग्रीलीचा_मिस्त्री:

ग्रीस भरायला माझ्याकडे आणा. रविवारी मी घरीच असतो, मजुरी नको, येताना आईंच्या हातचं काहीतरी घेऊन या.